शकूर मिस्त्रीचा कान

बाईंचं म्हणणं शकूर मिस्त्रीपर्यंत पोचलं ते दोन माणसांच्या तोंडून. हिंमतराव देशमुखांच्या घरी गोषा. वरवट बकालहून खामगावपर्यंतचे दोन तास त्यांच्या पत्नी रुखमाबाई मोटारीच्या मागच्या बाकावर, खिडक्यांना लावलेल्या जांभळ्या पडद्याआड बसून आल्या होत्या. त्यांनी जे काय सांगितलं ते आधी ड्रायव्हर कारभारीनं ऐकलं. कारभारी हे त्याचं नावच. बाईंच्या माहेराहून त्यांच्याबरोबर आलेला जुना गाडीवान, त्यामुळे त्याच्याशी बोलायला त्यांना आडकाठी नव्हती. कारभारीनं ते मालकाला सांगितलं आणि मालक चष्मा पुसत पुसत मिस्त्रीला म्हणाले, "घरातून म्हणून राह्यले, मागून काही वाजते म्हणे." म्हणाले ते हसूनच, म्हणजे बायकांचं काय मनावर घ्यायचं, अशा सुरात. शकूरही हसला. अर्ध्या तासापूर्वी तो स्वतः मोटार घेऊन नांदुऱ्याच्या रस्त्यानं मैलभर जाऊन आला होता, उजवा कान पायाखालच्या फळीकडे झुकवून, नेहमीसारखा. इंजिनाचा तो भरल्या पोटाचा घुमारा सोडला तर काही म्हणजे काही त्याला ऐकू आलं नव्हतं. "एवढी मोठी गाडी आहे, बोलंल थोडंफार," तो म्हणाला, "बाईंले सांगा, सवय होईल. बिनघोर जा." लिंबाखाली टेकलेली दोन माणसं खो खो हसली. कारभारी तेवढा हसला नाही. त्यानं शकूरकडे क्षणभर पाहिलं, एखाद्या वडीलधाऱ्या माणसानं कोटाची बटणं चुकीची लावली की आपण पाहतो ना, तसं, आणि मान खाली घालून तो हँडल फिरवायला गेला. मोटार बाजाराकडे निघून गेली. डोणगावला रुखमाबाईंच्या भाचीचं लग्न होतं. लुगडी, चांदीची भांडी घ्यायची होती. तीन वाजता रेडिएटरला पाणी घालून घ्यायला परत येणार आणि बोथ्याच्या घाटानं बुलढाण्याला मुक्कामाला जाणार, असं ठरलं होतं. मोटारीत सात माणसं. रस्त्यावरची धूळ खाली बसली तरी शकूर हातातलं फडकं चोळत तिथंच उभा राहिला, कारण कारभारीची ती नजर काही जागची हलेना.

शकूरचा कान म्हणजे खामगावात एक नवलाची चीज होती. अकोल्याचे वकील, मलकापूरचे सरकीवाले, पार जालन्याकडचे लोक त्याच्या पत्र्याच्या शेडपुढे मोटार आणून उभी करायचे आणि तो बॉनेट न उघडता सांगायचा की तिसऱ्या सिलिंडरची झडप बसत नाहीये. कापसाला भाव होता त्या वर्षांत वऱ्हाडात मोटारींचं वेड शिरलं होतं. नव्या नव्हेत, जुन्या. मुंबईच्या शेठांनी, कुठल्या कुठल्या जहागीरदारांनी हौस फिटल्यावर टाकलेल्या, लांब नाकाच्या, पितळी कंदिलांच्या, आत मखमल आणि खाली गंज अशा मोटारी. त्या घेणाऱ्याला शकूर सांगायचा आणि सांगताना त्याला स्वतःचाच आवाज आवडायचा: रंग पाहू नका, रंग दोन दिवसांत होतो, पायाखालच्या क्लचच्या पायट्याचं रबर पाहा, ते किती झिजलं यावरून मोटार किती हिंडली ते कळतं. गादी उचलून खालचं लाकूड नखानं दाबा. तेल बोटावर घेऊन चोळा, चकचकीत कण लागले तर मालकाला रामराम करून परत या. इंजिन थंड असताना सुरू करायला लावा; आधीच तापवून ठेवलेली मोटार खोटं बोलते. आणि घेतल्यावर? तुमच्या खारपाणाच्या विहिरीचं पाणी रेडिएटरला पाजू नका, पावसाचं रांजणात धरून ठेवा. गळायला लागलं तर हळद टाकून बुजवू नका, सरळ डाख देऊन घ्या. घाट ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद केलंत तर मला तोंड दाखवू नका. महिन्याच्या महिन्याला आसाला वंगण द्या आणि मागच्या चाकांचे मोठे नट आवळून घ्या. हिंमतरावांनी हे सगळं आपल्या कारकुनाकडून मोडीत लिहून घेतलं होतं आणि तो कागद मोटारीच्या दारातल्या कप्प्यात ठेवला होता. ती मोटार त्यांनी दिवाळीनंतर घेतली ती शकूरच्याच शब्दावर. निजामाच्या हद्दीतल्या कुण्या जहागीरदाराची होती, सहा सिलिंडरची. शकूरनं तासभर कान लावला आणि म्हणाला, "घ्या." एवढ्या एका शब्दावर देशमुखांनी घेतली. तेव्हा त्याची छाती फुगली होती. आज त्याच शब्दाची त्याला धास्ती वाटत होती.

म्हणजे तेव्हा तरी ऐकू आलं होतं का? हा प्रश्न त्याच्या मनात एकदम शिरला. दिवाळीनंतर कापसातली सरकी काढायच्या जिन सुरू असतात. शेडच्या शेजारीच एक होती, तिची घरघर दिवसभर. तो म्हणायचा, या जिनच्या आवाजात काय डोंबल ऐकू येणार, शिमगा झाला की जिन बंद होईल, मग बघा. शिमगा झाला, जिन बंद झाली, रस्ता शांत झाला. पण त्याच्या कानातली घरघर काही थांबली नाही, आणि तिच्या पलीकडे जे जग होतं ते दिवसेंदिवस मागे मागे सरकत चाललं होतं. डावा कान तर लहानपणीच वाहून वाहून गेलेला. त्याचं त्याला कधी काही वाटलं नाही, कारण उजवा दोघांचं काम करत होता. उजवा कधीपासून थकला ते त्याला नेमकं सांगता आलं नसतं. खरं म्हणजे त्यानं स्वतःला ते सांगितलंच नव्हतं. गिऱ्हाईक आलं की तो आधी विचारायचा, "तुमाले काय वाटते?" लोक म्हणायचे, काय नम्र माणूस आहे. मग गिऱ्हाईक जे सांगेल तेच तो थोडं फिरवून परत सांगायचा. बॉनेटवर तळहात ठेवून थरथर घ्यायचा. बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहायचा. दाढीमिश्यांच्या माणसांचा त्याला हल्ली राग यायला लागला होता, का ते त्याला कळत नव्हतं, ते आता या लिंबाखाली उभं राहून कळलं. लबाडी म्हणावी तर तसं काही ठरवून केलं नव्हतं. पण लबाडी ठरवून केली नाही म्हणून ती लबाडी नव्हे, असं थोडंच आहे.

त्याला मुंबईचे रहेमतुल्ला उस्ताद आठवले. ग्रँट रोडच्या एका शेडमध्ये तो पंचविशीत त्यांच्या हाताखाली होता. उस्तादांनी त्याला सळईनं ऐकायला शिकवलं: हातभर लांब लोखंडी सळई, एक टोक इंजिनावर, दुसरं कानाच्या पाळीमागच्या हाडावर, डोळे मिटलेले. इंजिनाच्या आत उतरायचा तो जिना आहे, असं ते म्हणायचे. स्वतः उस्ताद मात्र सळई कानाला लावत नसत. ते ती दातात धरत. म्हातारा माणूस, पांढरी दाढी, तोंडात काळी सळई, आणि डोळे कुठेतरी लांब. शेडमधली माणसं मागून हसायची. शकूरही हसला होता. त्याला वाटायचं, तंबाखू सुटल्यावर काहीतरी चावायला लागतं म्हाताऱ्याला. तीस वर्षं त्याला असंच वाटत होतं. आता एकाएकी त्याला उस्तादांचं ते समोर येऊन उभं राहणं आठवलं, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहणं आठवलं, आणि मागून कुणी हाक मारली की न वळणं, ज्याला सगळे त्यांचा रुबाब म्हणायचे. या अल्ला. म्हणजे उस्ताद बहिरे होते. मुंबईतल्या मोठमोठ्या मोटारी त्या बहिऱ्या माणसाच्या दातांवर चालत होत्या, आणि आपण हसत होतो. त्याला त्या आठवणीनं हसूही आलं आणि रडायलाही आलं, आणि दोन्ही त्यानं फडक्यात पुसून टाकलं.

घर शेडच्या मागेच, मधे एक परसू. दुपारी तो जेवायला आत गेला तेव्हा खुर्शीद चुलीपाशी होती. भाकरी, आंबट चुका, वर तळलेली मिरची. ती ताट घेऊन त्याच्या समोर आली, अगदी समोर, आणि तो बघतोय हे पाहून मग तिनं विचारलं, कांदा हवा का. शकूरचा घास हातात राहिला. पूर्वी ही बाई चुलीपासून हलायची नाही. तिथूनच हाका, तिथूनच भांडण, तिथूनच सगळ्या मोहल्ल्याची खबरबात. तिचा आवाज परसूच्या भिंतीवरून रस्त्यावर जायचा. आता ती येते, कोपराला हात लावते, समोर उभी राहते आणि मग बोलते. केव्हापासून? बकरी ईदच्या आधीपासून? तिनं एका शब्दानं विचारलं नाही, एका शब्दानं टोचलं नाही, नुसती उठून समोर येत राहिली, दिवसातून पन्नास वेळा, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी. त्याला तिच्याबद्दल एवढं वाटलं की त्याला तिचा राग आला. मग त्यानं जे विचारायला सकाळपासून धीर होत नव्हता ते विचारलं: सकाळी देशमुखांची मोटार गेली तेव्हा तिला काही ऐकू आलं होतं का. तिनं भाकरी ताटात ठेवली. हो, म्हणाली, कट कट वाजत गेली की. सुरू होताना एकदा आणि पुढं चढ लागला तिथं परत. मागच्या खेपेला आली होती तेव्हाही वाजत होती. मग मला सांगितलं का नाहीस, असं तो जवळजवळ ओरडलाच. खुर्शीदनं त्याच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "तुमाले नाही आलं आयकू म्हणून मले वाटलं, नसंलच काही." घरात ती एरवी हिंदीत बोलायची, पण हे वऱ्हाडीतच म्हणाली, गिऱ्हाईकं बोलतात तसं, कारण ते गिऱ्हाइकांचंच बोलणं होतं. सगळ्यांना ऐकू येत होतं. खुर्शीदला, कारभारीला, पडद्यातल्या त्या बाईला. पण शकूर मिस्त्रीला ऐकू येत नाही म्हणजे आवाज नाही, असा गावानं हिशेब केला होता, आणि तो हिशेब करायला त्यानंच त्यांना वीस वर्षं शिकवलं होतं.

ताटावरून तो तसाच उठला. सुरू होताना कट, चढाला कट. म्हणजे इंजिन नव्हे, स्प्रिंगही नव्हे, मागचा आस. मागच्या चाकाचा तुंबा, म्हणजे मधला गड्डा, जिथं आसाच्या दांड्यावर बसतो ती जागा, कुठल्या तरी एका बाजूची. तिथं सैल असेल तर दांडा दर झटक्याला थोडा थोडा मोडत जातो, आणि एक दिवस तुटतो, आणि चाक आपल्या वाटेनं निघून जातं. आणि त्या मोटारीला ब्रेक होते ते फक्त मागच्या दोन चाकांना. सपाटीवर हे झालं तर माणसं धुळीत उतरून शिव्या देतील. बोथ्याच्या घाटात, ते मोठं वळण आहे आणि खाली नुसते सागाचे शेंडे दिसतात, तिथं झालं तर? त्यानं सातही माणसं मनात बसवली. हिंमतराव पुढे, चष्मा. कारभारी. मागे रुखमाबाई, त्यांची सून, सुनेच्या मांडीवर सहा महिन्यांचं लेकरू, हिंमतरावांची विधवा बहीण, आणि तिची आठ-नऊ वर्षांची मुलगी, जी सकाळी पडद्यातून हात बाहेर काढून लिंबाचा पाला तोडत होती. त्या हाताचं त्याला फार वाईट वाटलं. तीन वाजायला अजून वेळ होता. येतील, ठरल्याप्रमाणे येतील, पाणी घालायचंय. मग खोलू, बघू. पण काय सांगून खोलायचं? सकाळी बिनघोर जा म्हणालो तो मीच. सांगता येईल की, सांगता येईल: पुन्हा एकदा नजर टाकतो, लांबचा पल्ला आहे. म्हणजे कुणाला काही कळायचं नाही. कान जिथल्या तिथं राहील. पन्नाशी उलटलेल्या माणसाकडे दुसरं होतं काय? हात तर कुठल्याही लोहाराला असतात. कानावर घर चाललं होतं, कानावर नाव होतं, मशिदीत पुढच्या रांगेत लोक सरकून जागा देत होते ती कानालाच. हे गेलं तर शकूर म्हणजे जुन्या पत्र्याच्या शेडमधला एक म्हातारा, एवढंच उरणार. या भीतीची त्याला लाजही वाटली. सात माणसं घाटात आणि हा स्वतःचं नाव धरून बसलाय. पण भीती लाज वाटली म्हणून जाते थोडीच.

लिंबाची सावली शेडच्या दाराला लागली, म्हणजे तीन वाजून गेले. मोटार आली नाही. कदाचित बाजारातच कुणी पाणी घातलं असेल. कदाचित उशीर झाला म्हणून परस्पर निघाले असतील. शकूरभाईंनी बिनघोर जा म्हटलंय, आता पुन्हा कशाला जायचं. त्याचेच शब्द त्यांना त्याच्यापासून लांब घेऊन चालले होते. त्यानं पिशवीत पाने टाकले, चाक ओढून काढायचा पुलर टाकला, भिंतीवरची सळई काढली आणि तो बोथ्याच्या रस्त्याला लागला. वैशाखाचं ऊन, पायाखाली तापलेला मुरूम, छातीत धडधड. तीही ऐकू येत नव्हती, नुसती कळत होती. चालता चालता तो धुळीत चाकांच्या खुणा पाहत होता. बैलगाड्यांच्या होत्या, टांग्याच्या होत्या, मोटारीची एक होती पण ती देशमुखांच्याच मोटारीची की दुसऱ्या कुणाची? नाका मागे पडला. मधोमध चालत होता, कारण कडेला बोरांचे काटे होते. समोरून येणारा एक गाडीवान त्याच्याकडे पाहून हात हलवायला लागला. शकूरनंही हात हलवला. ओळखीचा असेल कुणी. गाडीवान आणखी जोरात हात हलवायला लागला, मग गाडीवर उभा राहिला, त्याचं तोंड मोठं उघडलं होतं. तेव्हा शकूरला आपल्या पाठीला ऊब लागली. उन्हाची नव्हे. तो वळला तर हातभरावर ती पितळी कंदिलांची मोटार, रेडिएटरच्या टोपणातून वाफ येत होती, आणि आत कारभारीचा हात हॉर्नच्या रबरी गोळ्यावर घट्ट दाबलेला. कारभारी तो गोळा अजून दाबतच होता. सोडायचं त्याला सुचलं नव्हतं.

सगळे उतरले, म्हणजे पुरुष उतरले. हिंमतराव रागावले होते की घाबरले होते ते कळत नव्हतं. ते भराभर बोलत होते आणि त्यांच्या मिश्या दाट होत्या. शकूरनं त्यांचं काही ऐकलं नाही. त्यानं हात जोडले आणि सांगितलं की मागचा आस बघायचाय, आत्ता, इथं. देशमुखांनी कुरकुर केली असावी. गाडीवानानं बैल थांबवले, नाक्यावरची चार माणसं जमली. शकूरनं मोटार आंब्याच्या सावलीत घेतली. बायका आतच बसल्या. जॅक लावून त्यानं मागचा आस उचलला, पुढच्या चाकांना दगड लावले, आणि कारभारीला सांगितलं, इंजिन चालू ठेव, गिअरात घाल, पाय दाब आणि सोड, दाब आणि सोड. मग तो मुरमावर आडवा झाला, मोटारीखाली सरकला, सळईचं एक टोक आसावर टेकवलं. दुसरं टोक त्यानं सवयीनं कानामागे लावलं. नुसती घरघर. आणि मग जमलेली सगळी माणसं वाकून बघत असताना त्यानं ती सळई तोंडात घेतली आणि दात घट्ट आवळले. लोखंडाची आंबट चव. आधी नुसतं थरथरणं, जबड्यात, डोळ्यांच्या खोबणीत. मग त्या थरथरण्याच्या आत, अगदी आत, कट. कारभारीनं पाय सोडला: कट. पुन्हा दाबला: कट. एवढं स्वच्छ, एवढं जवळ, की शकूरच्या डोळ्यांत पाणी आलं. कित्येक महिन्यांत इतकं नितळ असं त्यानं काही ऐकलं नव्हतं. वाईट आवाज होता, माणसं मारणारा आवाज होता, आणि तरी तो ऐकताना त्याला सुख झालं. असं सुख झाल्याचं त्यानं पुढे कधी कुणाला सांगितलं नाही.

तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पाहूनच हिंमतराव समजले. सापडलं ना, असं त्यांचे ओठ म्हणाले. शकूरनं मान हलवली. आणि मग जमलेल्या माणसांत जे झालं ते त्याला कानाशिवायही कळलं. ती एकमेकांना कोपरानं ढोसत होती, मान डोलवत होती. गाडीवानानं तर कानाच्या पाळीला हात लावून दाखवला. काय कान आहे बाप्पा, सकाळी गेलेली मोटार, याले घरी बसून कळलं. हिंमतरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. शकूर सळई हातात धरून उभा होता. झालं होतं. त्यानं फक्त गप्प राहायचं होतं, एवढंच काम उरलं होतं. चाकं काढायची, जे तुटकं असेल ते दाखवायचं, बायकांना टांग्यानं परत पाठवायचं, आणि पुढची दहा वर्षं ही गोष्ट लोक सांगत राहिले असते. त्याला तो मोह झाला, चांगलाच झाला. पण त्या मोहाच्या खालून एक बारीकसं काही टोचत होतं: दातांना एक आवाज सापडला. बाईंनी सांगितला तो हाच का? की तो आणखी निराळा? आणि निराळा असेल तर हा दुरुस्त करून मी त्यांना दुसऱ्यासकट घाटात पाठवणार, पुन्हा बिनघोर जा म्हणून. त्याला काय काय ऐकू येत नाही हे त्याला कसं कळणार? ते फक्त ज्याला ऐकू येतं त्यालाच विचारता येतं.

तो मोटारीच्या मागच्या दाराशी गेला. पडद्यापासून दोन हात लांब उभा राहिला, मान खाली घालून, जसं उभं राहायला हवं तसं, आणि म्हणाला की बाईंनी सकाळी नेमकं काय सांगितलं होतं ते त्याला हवंय. माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. देशमुखांच्या बायकोशी कुणी असं थेट बोललेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. हिंमतराव पुढे आले. पडदा जरा हलला, म्हणजे आतून उत्तर आलं असावं. शकूरला पडदा हललेला दिसला, बाकी काही नाही. तो आणखी अर्धा हात पुढे झाला. पुन्हा पडदा हलला. आणि मग, लांबून कुणी दुसराच बोलावा तसं, तो म्हणाला,

"बाई, मले आयकू येत नाही. माहा कान गेला. माणसाचं तोंड दिसलं तरच मले समजते. सकाळीही आलं नव्हतं आयकू, उगीच हसलो मी. पडदा बाजूले करून सांगा."

आपण हे किती मोठ्यानं बोललो ते त्याला कळलं नाही. गाडीवानाचे बैल मान वर करून बघत होते, त्यावरून बरंच मोठ्यानं असावं. हिंमतरावांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. ते काही म्हणायच्या आत पडद्याच्या कडेला चार बोटं आली, हिरव्या बांगड्या आल्या, आणि जांभळं कापड एका बाजूला सरकलं. रुखमाबाईंनी कपाळावरचा पदर मागे घेतला. चाळिशीच्या पुढची बाई, मोठं कुंकू, घामेजलेला चेहरा. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. शकूरच्या डोळ्यांत पाहून, लेकराला शिकवावं तसा एकेक शब्द ओठांवर नीट ठेवून त्या म्हणाल्या,

"अडकित्त्यानं सुपारी फोडल्यावानी. गाडी हलते तवा अन् चढाले. डाव्या अंगाले, माह्या पाठीमांगं. म्या सकाळीच सांगितलं होतं डाव्या अंगाले."

डाव्या अंगाले. ते शब्द दोन माणसांच्या तोंडून येताना कुठेतरी गळून पडले होते. शकूरनं आणखी काही वाजतं का ते विचारलं. नाही, तेवढंच, असं त्या म्हणाल्या. मग त्यानं डावं चाक धरलं. नट सोडवला, पुलर लावला. तुंबा जड यायला हवा होता, तो लोण्यातून यावा तसा सुटून आला. आत काळं, चिकट काहीतरी होतं. त्यानं बोटावर घेतलं, वास घेतला. एरंडेल आणि जळक्या चिंध्यांची राख. बैलगाडीचं वंगण. त्यानं मान वर करून कारभारीकडे पाहिलं. कारभारीचे ओठ थरथरत होते, पण काय म्हणतोय ते वाचता येत होतं. आस रडायला लागला होता मिस्त्री, तो सांगत होता, गाडीचा आस रडला की आपण वंगण देतो ना, अन् कागदातही लिवलं होतं वंगण द्या म्हणून. गावच्या लोहाराकडून घण मारून चाक काढलं, दोन बोटं भरून दिलं. आठ दिवस थांबला आवाज, मग परत सुरू झाला. तुमाले सांगणार होतो, पण तुमी म्हणले काही नाही. लहानपणापासून बैलांच्या मागे बसलेल्या माणसानं गाडीवर केली असती तीच माया त्यानं मोटारीवर केली होती. आणि ही जागा कोरडी ठेवायची असते, तिथं तेलाचा थेंब लागू द्यायचा नाही, नाहीतर तुंबा घसरतो आणि दांडा तुटतो, हे शकूरनं त्या सगळ्या सांगण्यात सांगितलंच नव्हतं. त्याला वाटलं होतं, हे कुणाला सांगायला लागतं का.

"तुही चूक नाही कारभारी," तो म्हणाला.

मग त्यानं फडक्यानं ते काळं वंगण पुसून काढलं. नीट, हळूहळू, दांड्याचं निमुळतं टोक उघडं होईपर्यंत. तुंबा दांड्यावर घसरू नये म्हणून लोखंडी चावी बसते त्या खाचेपासून एक बारीक भेग निघाली होती आणि दांड्याभोवती जवळजवळ पूर्ण फिरून आली होती. दोन टोकं मिळायला करंगळीच्या नखाएवढं लोखंड उरलं होतं. त्यानं त्यावर बोट ठेवलं. बायका मोटारीतून उतरल्या होत्या, सून लेकराला छातीशी धरून, ती आठ-नऊ वर्षांची मुलगी वाकून बघत. हिंमतराव गुडघ्यावर बसले होते, त्यांचा चष्मा नाकावर खाली आला होता. सगळे त्या भेगेकडे बघत होते. कुणी काही बोलत नव्हतं. की बोलत होते आणि त्यालाच ऐकू येत नव्हतं, हे पाहायला त्यानं मान वर केली.